पायाचं माप

नव्या शेडच्या पत्र्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं
आणि माझ्या टेबलावर यादी आली :
एकशे चौऱ्याऐंशी नावं.
स्टोअरकीपरला भरती कळते ती अशी,
बुटांच्या जोड्यांत.

टाकळघाट, रुईखैरी, बोरखेडी, उमरेड.
मी फरशीवर जुने पेपर पसरले,
म्हटलं, एकेक जण या, चपला काढा.
बॉलपेनानं पावलांभोवती रेघ ओढत गेलो.
कुणाच्या टाचेला भेगा, कुणाच्या बोटात जोडवी,
एकाचा अंगठा टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये गेलेला,
एक मोजे काढेना. "राहू द्या नं काका,
भोक हाय त्याले."

आमच्या इथं मायक्रॉनमध्ये मोजतात.
केसाचे सत्तर भाग करा, त्यातला एक.
तेवढं चुकलं तरी बेअरिंग भंगारात.
पण बूट जर्मनीहून येतात
आणि अडतीसच्या खाली उतरत नाहीत.

आचल दडमल, आयटीआय फिटर.
पाऊल भरलं चौतीस.
श्टेफान साहेब वाकून त्या रेघेकडे बघत राहिले,
बाहेर सत्तेचाळीस, मानेवर ओला रुमाल.
दुभाष्याला काही विचारलं. तो चाचरला,
"साहेब म्हणतात, हे मोठ्या माणसाचंच पाऊल ना?"
"सांगा त्यायले," आचल म्हणाली,
"स्टेशनापासून याच पायानं आलो."

साहेब लाल झाले. उन्हानंही असेल.

तिनं अडतीस नंबर घेतला,
आपल्याच पावलाची रेघ असलेला कागद उचलला
(आमच्याच गुंतवणुकीची बातमी होती त्यावर,
फीत कापतानाचा फोटो)
आणि चार घड्या करून बुटाच्या टोकात कोंबला.

दोन महिन्यांनी खोकं आलं.
वर कस्टमचे तीन शिक्के,
आत एकच जोड. चौतीस.

माझ्या रजिस्टरला चार रकाने आहेत :
नाव, नंबर, दिल्याची तारीख, परत घेतल्याची तारीख.
कंत्राट सहा महिन्यांचं. नोव्हेंबरात संपतं.
बाकीच्यांपुढे मी पेन्सिलीनं तारखा टाकल्या,
पेन्सिलीनंच,
कारण कोण राहील हे स्टोअरला आधी कळत नाही.

तिच्यापुढे हात थांबला.
काल साहेबांना मेल लिहिला, माझ्या इंग्रजीत, दोन ओळी :
हा जोड परत घेतला
तर दुसऱ्या कुणाच्या पायात बसणार नाही.

उत्तर नाही अजून.
तिकडे सकाळ व्हायची असेल.