खरवई

तिसऱ्यांदा फोल्डर पुसला.
तिसऱ्यांदा इन्स्टॉल म्हटलं.
सहा सेकंदांत मशीन म्हणालं, झालं.
चूक शून्य.
बरं, मग टेस्ट चालव,
तर म्हणतं, या नावाचं इथे कुणी नाही.

त्र्यंबक रोडला, दातांच्या दवाखान्याच्या वर
आमचं ऑफिस. रात्रीचे पावणेअकरा.
निफाडचा पारा पाचावर आलाय,
खाली वॉचमन पाटोळेकाकांनी
मॉनिटरच्या खोक्यांचे पुठ्ठे पेटवलेत.
उद्या दहाला पिंपळगावचे बेदाणेवाले येणार,
त्यांना चालतं काहीतरी दाखवायचंय.

यादी उघडली. नावं तर आहेत.
वरच्या खणात ते, जे गिऱ्हाइकाबरोबर जाणार.
खालच्या खणात फक्त घडवताना लागणारे:
तपासणारे, जोडणारे,
एक स्वल्पविराम राहिला तरी ओरडणारे.
वरचे सगळे हजर.
खालचा एकही नाही,
आणि त्याबद्दल कुठे अक्षर नाही.

कॅशे धुतली. लॉक फाइल उडवली.
आवृत्ती खाली आणली, परत वर नेली.
नेटवाल्याला उगाच शिव्या घातल्या.
शेवटी वैतागून मशीनलाच विचारलं,
स्वतःला समजतोस तरी कोण?
एका शब्दात उत्तर आलं:
प्रॉडक्शन.

भूषण दुसाने. मार्चमध्ये बाणेरला गेला.
त्यानं कधीतरी दोन दिवसांपुरता
या डब्याचा सर्व्हर केला होता
आणि जाताना, नावाआधी टिंब असलेल्या
एका फाइलीत ती ओळ तशीच राहिली:
आता तू तयार झालास.
तयार झालेल्याला हत्यारं कशाला?
मशीन खोटं बोलत नव्हतं,
सांगितलेलं ऐकत होतं बिचारं, नऊ महिने.

ओळ पुसली. टर्मिनल मिटलं, उघडलं.
या वेळी चार मिनिटं लागली.
नऊशे बारा पॅकेजं उतरली,
लग्नघरी मागून ट्रकभर माणसं यावीत तशी.
लगेच सतरा टेस्ट लालभडक नापास,
आणि मला इतकं बरं वाटलं
की खाली जाऊन पाटोळेकाकांसोबत हात शेकले.

तिथे, कारण नसताना, तांबट आळी.
दिवाळीआधी दुकान मीच आवरलं होतं.
लॅपटॉप मांडीवर, दोन रकाने: ठेवायचं, द्यायचं.
अण्णा आता मठारत नाहीत,
भांडी तयार येतात, चकचकीत, प्लास्टिकात.
मग मणभर लोखंडानं जागा का अडवायची?
भंगारवाला काटा घेऊन आला.
अण्णा म्हणाले, झालं?
म्हटलं, झालं.

परवा एक बाई पोचा आलेला बंब घेऊन आल्या.
अण्णांनी तो मांडीवर घेतला,
पोच्यावरून अंगठा फिरवला,
आणि डावा हात, न बघता,
गल्ल्यामागच्या कोपऱ्यात गेला
जिथे चाळीस वर्षं खरवई होती.
तिथे आता प्लास्टिकचं स्टूल आहे.
हात थोडा वेळ स्टुलावरच राहिला.
मग म्हणाले, बाई, नवाच घ्या,
मशीनचा आहे, स्वस्त पडेल.

पावणेबारा. अजून पंधरा नापास.
फोनमध्ये 'शेख भंगार द्वारका' असा नंबर आहे.
वितळवलं असेल एव्हाना.
किंवा नसेल, दाराला टेकण म्हणून लावलं असेल कुणी.
इतक्या रात्री फोन करू नये.

रिंग जातेय.