कोपऱ्यातला बुडबुडा

कुतैसीच्या मंडईत, चीजवाल्या मक्वालाला लागून
माझी टपरी. दीड मीटर. एक खुर्ची, तीही लंगडी.
बुधवारी दुपारी ती आली.
फोन काउंटरवर ठेवला, गळ्यातला मफलर काढून त्यावर टाकला,
रात्री पिंजऱ्यावर टाकतात तसा.
काच गेलीय का, मी विचारलं.
मान हलवून तिने कागद मागितला
आणि पेन्सिलीने लिहिलं :
मी कुठे जाते ते त्याला मी पोचायच्या आधी कळतं.

फोन उचलला, मक्वालाच्या फ्रिजात
सुलगुनीच्या दोन गोळ्यांमध्ये ठेवून आलो.
ऐकू दे त्याला मोटरची घरघर.

मग ती बोलली. नाव त्सियाला.
उशाशी रात्री फोन तापतो म्हणाली, आजारी पोरासारखा.
परवा बहिणीकडे गेले, बेल वाजवतेय तेवढ्यात मेसेज :
नानुलीला माझा नमस्कार सांग.

फोन परत आणला. आता तोंडं बंद.
लोकेशन कुणाला वाटलंय? कुणाला नाही.
खातं दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडं? नाही.
कोटाचं अस्तर चाचपलं, पर्सचा तळ,
बटणाएवढंसुद्धा काही शिवलेलं नव्हतं.
मग ॲपची यादी. सगळी, लपवलेलीही.
अगदी तळाशी 'बॅटरी सेवा'.
हिरवं चिन्ह, चेहरा गरीब.
आणि माइक, कॅमेरा, नकाशा, निरोप,
घरातल्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला.

बोट 'काढून टाका'वर गेलं, आणि थांबलं.
काढलं तर तिकडे तिचा ठिपका विझेल,
आणि असा माणूस विझलेला ठिपका बरोबर वाचतो.
कागदावर लिहिलं : आज नाही.
आधी ठरव, उद्या रात्री कुठे झोपणार.
मग दुसरा फोन. नवं खातं.
पासवर्ड, त्याला माहीत नसलेल्या गोष्टीचा.

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली.
लिहिलं : अशी एकच गोष्ट आहे माझ्याकडे.
कुठली ते लिहिलं नाही. बरं केलं.

पडद्याचा फोटो काढायला माझा फोन वर धरला,
उजेड तिरपा पडला
आणि दिसला.
उजव्या कोपऱ्यात, काचेखाली,
तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा.

तो माझा आहे.
फेब्रुवारी. बोटं गारठलेली. काच बसवताना राहून गेला,
म्हणून मी पाच लारी सोडले होते.
माणूस हसरा. मुलाचा फोन, म्हणाला,
वयात आलाय, जरा लक्ष ठेवावं लागतं.
तेवढं एक ॲप घालून द्या.
चाळीस लारी, रोख.
कव्हर जांभळं होतं.
पडद्यावर दोन बायका, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून.
पाहिलं होतं मी. पाहिलं होतं.

पलीकडे मक्वालाची सुरी चीजमधून
आवाज न करता खाली जात होती.
तिच्या ओळीखाली, तिच्याच पेन्सिलीने मी लिहिलं :
हे मी बसवलंय.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.
वाटलं आता थुंकेल, किंवा खुर्ची उचलेल.
पेन्सिल घेतली :
मुलगा दिसला होता तुला?

नाही.

मग हे उद्या ठाण्यात सांगशील?

कागदाची चार घड्या घालून तिने बुटात ठेवला.
फोन घेऊन गेली, बेकरीवरून, पुलावरून,
रोजच्या रस्त्याने, रोजच्या चालीने.
त्याने विचारलं तर काच बदलायला गेली होती.

उद्या सकाळी दहाला जायचंय.
मक्वाला म्हणाली, दुपारपर्यंत टपरी मी बघते.
काय झालं, हे तिने विचारलं नाही,
फक्त फ्रिजातली ती जागा तशीच मोकळी ठेवलीय.
शटर ओढून घेतलंय. ड्रॉवर उपसतोय,
ते चाळीस लारी तरी परत द्यावेत, कुणाला तरी.
सापडली ती फेब्रुवारीच्या वीजबिलाची पावती.
त्यातच गेले ते.