फोरझिश्ट

वाशीतल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर जर्मनी मांडली होती.
निळ्या-पांढऱ्या पताका, लाकडी बाकडी,
चामडी चड्डीतला वाढपी मूळचा घणसोलीचा,
ऑक्टोबरच्या उन्हानं त्याचे पट्टे भिजून काळे.

म्युनिकला जायचं ठरलं होतं एकोणनव्वद सालापासून.
भिशी दोनदा फोडली,
एकदा अन्वरच्या बायपासला,
एकदा कांचनच्या लेकीच्या फीला.
म्हणून मग हे.

लिटरभराचा मग उचलताना हरेश्वरचं मनगट थरथरलं.
बत्तीस वर्षं रबाळ्याला फिटर,
जर्मन येते ती फक्त खोक्यांवरची.
गाणारा ओरडला, "प्रोस्ट!"
आख्खी हिरवळ ओरडली, "प्रोस्ट!"
हरेश्वर म्हणाला, "फोरझिश्ट."
म्हणजे काय रे?
"म्हणजे सांभाळून. आत नाजूक माल आहे."
कांचनला हसताना ठसका लागला,
फेस थेट चण्यांच्या बशीत.

उन्हं कलल्यावर नेरुळच्या बागेत
जगातली आश्चर्यं बघून घेतली,
ताजमहाल ते रोम, चालत, पाच मिनिटांत.
कांचननं प्रत्येकापुढे फोटो काढला.
"लेकीला पाठवते. पोचलो म्हणून."
हरेश्वर रोमच्या मागच्या अंगाला गेला
आणि एक ढिला स्क्रू
रुपयाच्या नाण्यानं पिळत बसला.
रखवालदार शिट्टी वाजवेपर्यंत.

अन्वर कठड्यावर टेकला होता,
हात छातीवर, सवयीनं.
हरेश्वर आला,
त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं
आणि म्हणाला, रिक्षा बघतो.