नकोचं भाषांतर

बेळगावच्या कोर्टात मी दुभाष्याचं काम करते.
आई गोकाककडची, बाप शहापूरचा विणकर.
घरात भांडण कानडीत व्हायचं,
समजूत मराठीत निघायची.
त्याच शिदोरीवर पोट चालतं.

आज दार लावून साक्ष.
तिचं नाव इथे लिहीत नाही, कायद्यालाही ते नको आहे.
वडगावात मागावर कांड्या भरते,
नखांत अजून सुताचा जांभळा रंग.

"तुम्ही त्याला काय म्हणालात?"
"नको म्हणाले."
मी सांगते, "ब्याड अंदे."
महांतेशची बोटं टाइप करतात.
दोन अक्षरं, कुठेच अडत नाहीत.

मग चौगुले वकील उठतात,
माझ्याच गल्लीतले, गणपतीची वर्गणी मागायला येतात.
"मॅडम, मराठी घरात हा शब्द पंगतीला रोज ऐकू येतो.
पाहुणा नको म्हणतो, आपण आणखी एक मांडा वाढतो,
तो खातो.
त्याला कुणी नकार म्हणतं का?"
शिपाई हसला, मग खाली बघू लागला.
हे मला कानडीत करायचं होतं.
केलं.
माझ्या तोंडून ते किती शहाणं वाटलं.

"ओरडलात?"
"नाही."
"ढकललंत?"
"नाही. गप्प झाले."

गप्प.
कानडीत पहिला हाताशी आला तो शब्द, सुम्मने.
सुम्मने म्हणजे गप्प.
सुम्मने म्हणजे उगीच, सहज, काही कारण नसताना.
शेजारीण दारात येते, काय गं म्हटलं तर म्हणते,
सुम्मने बंदे, आले आपली उगाच.
तो शब्द जिभेवरून सुटला
आणि कागदावर जाऊन बसला.

तिला कळलं नाही. कसं कळेल?
ती माझ्याकडे बघत होती,
परक्या गावच्या बसमध्ये
कंडक्टरकडे बघावं तशी.

मी हात वर केला.
दुभाष्याने हात वर करायचा नसतो.
"मॅडम, शब्द चुकला. माझा.
ती उगीच गप्प नव्हती.
तोंडचं पाणी पळतं, ते गप्प.
दातखीळ बसते, ते गप्प."
चौगुले म्हणाले, आता दुभाषीच साक्ष देतेय.
खरं होतं त्यांचं.

मॅडमनी चष्मा पुसला, कलम उघडलं,
आधी कानडीत वाचलं,
मग तिच्याकडे बघून स्वतःच्या मोडक्या मराठीत:
संमती म्हणजे राजीखुशीनं दिलेला स्पष्ट होकार.
बोलून दे, खुणेनं दे, पण दिलेला पाहिजे.
बाई अंगानं झुंजली नाही
एवढ्यावरून होकार धरायचा नाही.
"शब्द दुरुस्त करा," महांतेशला म्हणाल्या.
आणि तिला, "त्यानं तुला काही विचारलं होतं का?"

ती बराच वेळ विचार करत राहिली,
जणू हा प्रश्न असू शकतो हेच नवीन.
"नाही," म्हणाली.
"दार लावलं फक्त."
हे कानडीत सोपं गेलं.
बागला हाकिद, अष्टं.

निकाल पुढच्या तारखेला,
नाहीतर तिच्याही पुढच्या.

रविवारी अनगोळात जाऊबाईंच्या नातीचं बारसं.
वाढपी मांडे घेऊन आला.
मी ताटावर हात आडवा धरला. "नको."
अठरा-एकोणीसचा पोरगा, कपाळावर घाम,
आग्रहाची सवय असणार.
त्यानं हाताकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पुढच्या ताटाकडे गेला.

एवढंच.
तो पंगतीच्या टोकाला पोचला
तरी माझा हात ताटावर तसाच होता.