हिरवं बटण

दस्तगीर मिस्त्रींनी शिकवलं होतं
लेथ कानानं चालवायची.
बीड कुठं कच्चं, टूल कधी बोथट,
उद्यमनगरात मी डोळे मिटून सांगायचो.

शारजात एक हिरवं बटण दिलं.
दाबायचं. थांबायचं. परत दाबायचं.
मशीन काचेआड, कानांत रबरी बोळे.
पगार बरा होता, खोटं कशाला बोला.

खोलीत सहाजण. रात्री सहा मोबाइलांतून
सहा घरं एकदमच विचारायची, जेवलास?
"मटण केलंय," म्हणायचो,
खुबूस चहात बुडवत.

सुट्टीवर आलो. गंगावेशीत
म्हशीच्या धारेखाली पेला धरलेला,
तेवढ्यात सुभान्या म्हणाला,
"भावा, माझंबी बघ की तिकडं."
ओठाला फेस होता.
"बघू की," म्हटलं.

मिस्त्रींना घड्याळ आणलेलं.
त्यांनी मनगटाला नाही, कानाला लावलं.
"चालतंय. पण आवाज न्हाई रं ह्याला."
मग चालू लेथकडं हनुवटी केली,
"सांग बघू, काय चुकतंय?"

मी वाकलो. कान दिला.
पोरं काम थांबवून बघत होती.
काहीतरी चुकत होतं, एवढं कळलं.
काय, ते सांगता येईना.