तूट

लेगॉनहून बिझनेसची पदवी घेऊन ती आली
त्या सोमवारी ताकोराडीच्या शाखेतला पंखा बंद होता.
अराबा एन्सिफुल. काखेत फाइल, पायांत नवे बूट;
ते चावत होते, हे तिच्या कपाळावर दिसत होतं.
मॅनेजर म्हणाले, "क्रेंत्सिल, हिला नोटा मोजायला शिकव."

शिकवल्या.
अंगठा जिभेला नाही, स्पंजला लावायचा.
मासे धुरावणाऱ्या बायकांच्या नोटा तेलकट असतात,
एकमेकींना बिलगून येतात.
झटकून सोडवायच्या, पण नाक मुरडायचं नाही,
बाई काउंटरपलीकडून बघत असते.
हे तिला कुठल्या प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं.
तिनं वहीत लिहून घेतलं. खरंच, लिहून घेतलं!
आम्ही मागे हसलो.

बुधवारी संध्याकाळी तिचा गल्ला
चौदा हजारांनी कमी भरला.
तेव्हाचे सेडी. श्रीमंती नव्हे, पण आठवडाभराचं जेवण.
ती मोजत राहिली. रखवालदार किल्ल्या वाजवून दमला.
मी म्हटलं, "खिशातून घाल आणि घरी जा,
सगळेच घालतात."
म्हणाली, "मग वही जुळेल. खरी नसेल."
आणि लाल शाईनं लिहिलं:
तूट चौदा हजार. कारण: माहीत नाही.
खाली सही, पूर्ण नावाची.
तीन महिने तिचा पगार कापला गेला.

पुढचं आता वर्तमानपत्रात येतं.
टार्क्वाला कर्जविभाग: खाणवाल्यानं बारा ट्रक तारण लिहिले,
ही अंगणात जाऊन नऊ मोजून आली.
तामालेला ऑडिट, हरमाटनच्या धुळीनं ओठ फुटलेले,
जुन्या वह्यांची गाठोडी सोडून बसायची म्हणे
दुपारी जेवणही विसरून.
कुमासीत संचालकांचा भाचा तिच्या डोक्यावर बसवला;
त्यालाही काम तिनंच शिकवलं.
मध्ये एक लग्न झालं, टिकलं नाही.
त्याबद्दल मला विचारू नका.
मग अक्रा, आणि अकरावा मजला,
दारावर पितळी पाटी.

दरम्यान सरकारनं नोटांवरची चार शून्यं पुसली.
चौदा हजारांचे झाले एक सेडी, चाळीस पेसवा.
एवढ्यात आज भाजलेलं केळंही कुणी देणार नाही.
मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं आहे.

कारण त्या बुधवारी सकाळी
दोन हजारांच्या नोटांचं बंडल तिला मीच दिलं होतं.
पट्टीवर माझी सही, आणि आकडा: शंभर.
रात्रभर पोराला ताप होता, मी झापडीत मोजलं.
आठ दिवसांनी तिजोरीच्या खालच्या फळीवर
सात नोटा सापडल्या.
खाल्ल्या नाहीत मी, शपथ!
'जादा रक्कम' या खात्यात टाकल्या,
कारणाचा रकाना कोरा ठेवून.
वर तोंड करून मी तिला दुसऱ्या दिवशी
पुन्हा सांगितलं, दुसऱ्यानं मोजलेलं आपण परत मोजावं.

निवृत्तीच्या दिवशी मला अक्र्याला बोलावलं.
खिडकीतून समुद्र दिसत होता, तिचे केस पिकले होते,
बूट आता चावत नसावेत.
तिनं पाकीट पुढे केलं. "मोजून घ्या, क्रेंत्सिल."
मी हसलो, "मॅडम, तुम्ही दिलंत,
मोजायचं काय त्यात?"
ती हसली नाही.

ज्या मजल्यावर कुणी रोकड मोजत नाही,
तिथे, टेबलाच्या कडेला,
काचेच्या बशीत एक स्पंज होता. ओला.
तो तिनं एका बोटानं माझ्याकडे सरकवला.