घाण्यामागे एक सोल्लगे

कोगनूर, तालुका जत.
देवळाचा चौथरा तेवढा उरलाय.
दगड मात्र उभा आहे पिठाच्या गिरणीमागं,
पट्टा निसटला की गिरणीवाला
याच्याच डोक्यावर पाना ठेवतो.

मी कागद भिजवला, कुंच्यानं थोपटत
खाचाखाचांत बसवला.
काही खाचांत मुंग्या,
एकीत कुणाच्या तरी विडीचं थोटूक.

पहिल्या नऊ ओळी राजानं खाल्ल्यात.
बिरुदावर बिरुद, समुद्रापासून समुद्रापर्यंत;
कोगनूर कुठं आहे हे त्याला ठाऊकही नसावं.
दहाव्या ओळीला गाव सुरू होतं:
शके एक हजार एकोणऐंशी, ईश्वर संवत्सर,
पुष्यातली अमावास्या, वड्डवार, सूर्यग्रहण.
भरदुपारी कोंबड्या खुराड्यात गेल्या असतील
तेव्हा माळियव्वे नावाच्या बाईनं
गवरेश्वरापुढं नंदादीप लावला,
आणि गावच्या तेल्यांनी कबूल केलं,
घाण्यामागे एक सोल्लगे तेल,
चंद्रसूर्य असेतो.

सोल्लगे म्हणजे किती, मला विचारू नका.
कुणी ओंजळ म्हणतं, कुणी पावशेर.
दोन प्राध्यापक यावरून अकरा वर्षं बोलत नाहीत.

"तेल्यांची नावं हाईत व्हय त्यात? वाचा की."
नीलव्वा गाणिगेर. दळणाचा डबा कडेवर.
आडनावात घाणा आहे, घरात नाही;
बैल विकला, मग लाट चुलीत गेली,
उखळात आता कोंबड्यांचं पाणी.

मला ही लिपी येते, भाषा पुस्तकातली.
तिला भाषा येते चुलीपासची, अक्षर एक नाही,
शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी.
मी चाचरत वाचलं: गाणक्के सोल्लगे एण्णे
आणि अर्थ सांगायला तोंड उघडायच्या आत
ती म्हणाली, "गाणाला सोल्लगे एण्णी. कळ्ळं की."
साडेआठशे वर्षं
एका बाईनं एका श्वासात ओलांडली,
डबा खाली न ठेवता.

बोप्पिसेट्टी. केतिसेट्टी. दासिमय्य.
चौथ्या नावावर कुणीतरी कोयता पाजवलाय.

"मग दिलं का त्येंनी?"
काय, आज्जी?
"त्याल."

मी परत वरून खाली पाहिलं.
दगडावर सगळं द्यावं, द्यावं, द्यावं.
मोडील त्याला वारणाशीत
सहस्र कपिला मारल्याचं पाप.
दिलं, असं कुठंच नाही.
लिहिणारा मजुरी घेऊन पुढच्या गावाला गेला असेल.

चहाला बोलावलं म्हणून मी उठलो.
कागद सुकला होता, सोलून गुंडाळला.
खालच्या तीन ओळी उमटल्याच नव्हत्या,
त्या परतल्यावर पुन्हा घेऊ म्हटलं.

परतलो तर दगड काळाभोर, निथळता.
तिच्या हातात तेलाची फोडलेली पिशवी,
तळहातानं ती खालच्या ओळी चोळत होती
जशी न्हाऊमाखू घालताना पोराची पाठ.
आज्जी, हे काय केलंत!
तेलकट दगडाला कागद धरत नाही,
महिना, दोन महिने, पावसाळाभरसुद्धा.
मी रागावलो. साहेबांना काय सांगू?
तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली,
"तुमचं ते वाचा आता. दिसाय लागलंय."

खरंच दिसत होतं.
तिरपं ऊन, खाचांत तेल,
आणि तीस-एक अक्षरं वर आलेली:
ज्याचा घाणा थांबेल
त्याच्या वाट्याचं शेजाऱ्यानं द्यावं.

मी वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प.
मग डबा उचलला.
"शेजारी कुठला आता," म्हणाली,
"सगळी सांगलीला गेली."

अहवालात मी लिहिलं: शिला तेलकट,
ओळी अठ्ठावीस ते तीस, ठसा घेता आला नाही.

मागं गिरणीचा पट्टा निसटला.
गिरणीवाला आला, सवयीनं पाना ठेवला,
उचलला तर हात बुळबुळीत.
लेंग्याला पुसत ओरडला,
"आयला, कुणी सांडलं रं इथं?"